सामाईक विभाग : एक डिस्क, दोन कार्यप्रणाली

१९०५ साली म्हैसूरच्या ओरिएंटल लायब्ररीत तंजावर भागातील एका पंडिताकडून ताडपत्रांची एक पोथी आली. पोथीची भाषा संस्कृत होती, परंतु ती ग्रंथ लिपीत लिहिलेली होती. दक्षिणेत संस्कृत लेखनासाठी ही लिपी प्रचारात होती. केवळ नागरी जाणणाऱ्या संस्कृतज्ञाला ती वाचता येत नसे. ग्रंथालयाचे रुद्रपट्टण शामशास्त्री यांना ती अवगत होती. त्यांनी पोथी उलगडली, तेव्हा विद्वानांना तोवर उल्लेखांवरून आणि अवतरणांवरूनच ठाऊक असलेले कौटिल्याचे अर्थशास्त्र हाती आले. १९०९ मध्ये त्याची संहिता छापली गेली आणि १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले.

या प्रसंगातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ग्रंथ कपाटात असणे आणि तो वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथ एकाच ठिकाणी असतो. तो कोणाला उपलब्ध आहे, हे मात्र वाचणाऱ्याच्या लिपिज्ञानावर अवलंबून असते. संगणकाच्या डिस्कवर साठवलेल्या माहितीचेही असेच आहे.

त्याच म्हैसूर नगरात १७ जुलै १९६९ रोजी भारतीय भाषा संस्थानाची स्थापना झाली. भारतीय भाषांचे लिखित आणि मौखिक साहित्य गोळा करून त्याचा अभ्यास करणे, हे या संस्थेच्या कामाचे एक प्रमुख अंग आहे. दहा हजारांपेक्षा कमी भाषक उरलेल्या भाषांची नोंद करण्याची एक योजना केंद्र शासनाने २०१३ मध्ये सुरू केली, तीही याच संस्थेकडे सोपवण्यात आली. अशा भाषेच्या एखाद्या वृद्ध भाषकाचे ध्वनिमुद्रण पूर्वी ताडपत्रावर नव्हे, तर फितीवर होत असे. आज ते संगणकाच्या डिस्कवर होते. पोथीची नक्कल करण्यास पिढ्या लागत, डिस्कवरील माहितीची नक्कल काही मिनिटांत होते. परंतु पोथी कपाटात बंद असताना आपोआप पुसली जात नाही. डिस्कवरील माहिती मात्र दोन अनभिज्ञ हातांच्या गोंधळात एका संध्याकाळी नाहीशी होऊ शकते. हा धोका कोठे उत्पन्न होतो आणि तो कसा टाळावा, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

प्रश्नाचे स्वरूप

समजा, म्हैसूरमध्ये राहणारा एक अभ्यासक एखाद्या लहानशा भाषेचा शब्दकोश तयार करीत आहे. त्याच्याजवळ एकच संगणक आहे. कोशाची पाने जुळवण्याचा त्याचा सारा सराव विंडोज या कार्यप्रणालीवर झालेला आहे. शब्दांची मोजणी आणि वर्गवारी करणारी साधने मात्र त्याने लिनक्सवर आत्मसात केली आहेत. म्हणून त्याने दोन्ही कार्यप्रणाली एकाच यंत्रावर बसवल्या. यंत्र सुरू होताना तो दोहोंपैकी एकीची निवड करतो. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली, ही यंत्राचा कारभार पाहणारी व्यवस्था होय. तिच्यामार्फतच आपली पत्रे, हिशेब, चित्रे आणि ध्वनिमुद्रणे डिस्कवर लिहिली जातात व वाचली जातात.

अशी जोडव्यवस्था केवळ अभ्यासकांपुरती मर्यादित राहिलेली नाही. विंडोज १० या आवृत्तीला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढील आवृत्ती पेलू न शकणाऱ्या असंख्य जुन्या संगणकांच्या मालकांपुढे तेव्हापासून हा प्रश्न उभा आहे. जुनी व्यवस्था एकदम मोडू नये आणि नवीही अंगवळणी पडावी, म्हणून एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी नांदवण्याचा मार्ग पुष्कळांना सोयीचा वाटतो.

मग साहजिकच प्रश्न येतो : कोशाच्या फाइली कोठे ठेवाव्यात? त्या दोन ठिकाणी ठेवल्या, तर कोणती प्रत ताजी हे काही दिवसांत कळेनासे होते. त्या एकाच ठिकाणी ठेवून दोघींनाही तेथे प्रवेश द्यावा, हे अधिक सयुक्तिक. अशा जागेला आपण सामाईक विभाग म्हणू.

डिस्कची वाटणी

डिस्क ही वास्तविक क्रमांक दिलेल्या लहान लहान घरांची एक लांबलचक रांग आहे. जुन्या डिस्कवर प्रत्येक घरात ५१२ बाइट मावत. अलीकडील डिस्कवर बहुधा ४,०९६ मावतात. डिस्कला स्वतःला फाइल, नाव, कप्पा यांपैकी काहीच ठाऊक नसते. अमुक क्रमांकाच्या घरात काय आहे, एवढेच ती सांगू शकते.

या रांगेचे तुकडे पाडणे म्हणजे पार्टिशन, आपल्या शब्दात वाटणी. शेतजमिनीची वाटणी झाली की कोणाचा गट कोठून कोठवर, याची नोंद दप्तरात होते. जमिनीवर मात्र रेघ ओढलेली असतेच असे नाही. डिस्कवरही तसेच घडते. १९८३ साली आयबीएम कंपनीने १० मेगाबाइटची डिस्क असलेला संगणक बाजारात आणला, तेव्हापासून डिस्कच्या अगदी पहिल्या घरात ही नोंद ठेवण्याचा प्रघात पडला. त्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या सूचनांसाठी, ६४ बाइट वाटणीच्या कोष्टकासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असत. प्रत्येक वाटेकऱ्याच्या नोंदीस १६ बाइट लागत. त्यामुळे मुख्य वाटेकरी चारच होऊ शकत. पुढे मोठ्या डिस्कसाठी नवे कोष्टक आले. त्यात सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते.

जुन्या कोष्टकात प्रत्येक विभागाचा प्रकार सांगणारा एक क्रमांक असे. गमतीची गोष्ट अशी की, तीन निरनिराळ्या पद्धतींनी भरलेल्या विभागांना ०७ हा एकच क्रमांक मिळालेला होता. सारांश, दप्तरातील नोंद विभागाची हद्द सांगते. त्याच्या आत कोणत्या लिपीत लिहिले आहे, हे आत डोकावल्यावाचून निश्चित कळत नाही.

विभागाची लिपी

विभागाच्या आत फाइली कशा मांडाव्यात, त्यांची नावे कोठे लिहावीत, एका फाइलचे तुकडे निरनिराळ्या घरांत विखुरले असतील तर ते कसे शोधावेत, याचे नियम म्हणजे फाइल-व्यवस्था. पोथीच्या दृष्टान्तात हिलाच आपण लिपी म्हटले.

यांपैकी सर्वांत जुनी आणि सर्वपरिचित व्यवस्था फॅट या नावाने ओळखली जाते. तिचा उगम १९७७ चा. तिची कल्पना साधी आहे. विभागाच्या आरंभी एक तक्ता असतो. त्यात प्रत्येक घरासमोर, फाइलचा पुढील तुकडा कोणत्या घरात आहे, तो क्रमांक लिहिलेला असतो. एका घराकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, असे साखळी धरून गेले की संपूर्ण फाइल हाती येते. हा तक्ता इतका महत्त्वाचा की, त्याच्या बहुधा दोन प्रती ठेवतात. ही व्यवस्था सोपी असल्याने जवळजवळ प्रत्येक कार्यप्रणालीला ती वाचता येते व लिहिताही येते. आजचे संगणक सुरू होताना ज्या छोट्या आरंभविभागाकडे पाहतात, तोही फॅट पद्धतीचाच असतो. दोन कार्यप्रणाली असलेल्या यंत्रात हा विभाग सामान्यतः दोघींचा सामाईक असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

परंतु फॅटला मर्यादा आहेत. १९९६ मध्ये आलेल्या तिच्या ३२ अंकी रूपात एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा मोठी असू शकत नाही. सेकंदाला ५० मेगाबिट या वेगाने होणारे चलचित्रण सुमारे साडेअकरा मिनिटांतच ही मर्यादा गाठते. तासभर चालणाऱ्या मुलाखतीचे चित्रण एका फाइलमध्ये ठेवणे त्यामुळे अशक्य होते. शिवाय फाइल कोणाची, ती कोणी वाचावी, याची नोंद या व्यवस्थेत नाही.

१९९३ मध्ये विंडोजच्या एनटी शाखेबरोबर एनटीएफएस ही व्यवस्था आली. तिच्यात प्रत्येक फाइलची सविस्तर नोंद असते, मालकी व परवाने असतात आणि त्यांखेरीज एक रोजकीर्दही असते. काय बदल करावयाचा आहे हे आधी कीर्दीत लिहून मग तो प्रत्यक्ष केला जातो. मध्येच वीज गेली तर कीर्द पाहून व्यवस्था पुन्हा सुसंगत करता येते. लिनक्सची स्वतःची परंपरा वेगळी. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा आरंभ केला. १९९२ पासून एक्स्ट नावाच्या फाइल-व्यवस्थांची मालिका तिच्यासाठी तयार होत गेली आणि २००८ पासून तिची चौथी आवृत्ती, एक्स्ट-४, प्रचारात आहे. तिच्यातही रोजकीर्द आणि परवाने आहेत. पण ते लिहिण्याची रीत सर्वस्वी निराळी.

विंडोजला बाहेरून साधन जोडल्याखेरीज एक्स्ट-४ वाचता येत नाही. असा विभाग समोर आला की ती त्याला कोरा समजून तो नव्याने आखण्याची परवानगी मागते, असा अनुभव येतो. अनभिज्ञ माणूस येथे होकार देतो आणि लिपी न कळणाऱ्याने पोथीला रद्दी ठरवावे, तसा प्रकार घडतो.

वाचणे आणि लिहिणे

उलट बाजूचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. एनटीएफएसची अंतर्गत रचना तिच्या निर्मात्यांनी तपशीलवार प्रसिद्ध केलेली नव्हती. लिनक्सच्या कार्यकर्त्यांनी डिस्कवरील बाइट निरखून, एखादा अज्ञात शिलालेख वाचावा त्याप्रमाणे, ती उलगडली. आरंभी त्यांना केवळ वाचन साधले. लेखनाची भरवशाची सोय २००७ च्या सुमारास एनटीएफएस-३जी या साधनामुळे झाली, आणि लिनक्सच्या गाभ्यात पूर्ण वाचन-लेखन करणारा भाग २०२१ मध्ये समाविष्ट झाला.

वाचन आणि लेखन यांत एवढे अंतर का पडले? वाचणाऱ्याकडून चूक झाली, तर त्याला मजकूर चुकीचा दिसतो. मूळ अबाधित राहते. लिहिणाऱ्याला मात्र एका ओळीसाठी अनेक ठिकाणच्या नोंदी बदलाव्या लागतात : रिकाम्या घरांची यादी, फाइलचे नाव, तिची लांबी, वेळ, परवाने आणि रोजकीर्द. यांपैकी एक नोंद राहिली तरी पुढचा लेखक ते घर रिकामे समजून त्यावर दुसरेच काही लिहितो. जुनी लिपी वाचणारे विद्वान अनेक असतात. मूळ ताडपत्रावर लेखणी टेकवण्याचा अधिकार मात्र आपण क्वचितच कोणाला देतो. सामाईक विभागात हा अधिकार दोघींना द्यावयाचा असतो, म्हणूनच त्याचे नियम कडक असावे लागतात.

२००६ मध्ये आलेली एक्सफॅट ही व्यवस्था फॅटची साधेपणाची परंपरा चालवते, पण चार गिगाबाइटची अडचण तिच्यात नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचे नियम प्रसिद्ध केले आणि त्यानंतर लिनक्सने तिला आपल्या गाभ्यात स्थान दिले. तिच्यात रोजकीर्द मात्र नाही. म्हणून, यंत्राच्या आत कायम राहणाऱ्या सामाईक विभागासाठी एनटीएफएस आणि या यंत्रातून त्या यंत्रात नेण्याच्या पेनड्राइव्हसाठी एक्सफॅट, अशी निवड सर्वसाधारण वाचकाला योग्य ठरेल.

अर्धवट मिटलेली वही

आता सर्वांत मोठ्या धोक्याकडे वळू. डिस्क ही संगणकाच्या स्मृतीच्या मानाने मंद असते. म्हणून कोणतीही कार्यप्रणाली वारंवार लागणाऱ्या नोंदींची नक्कल स्मृतीत ठेवते व बदल प्रथम त्या नकलेत करून सवडीने डिस्कवर उतरवते. यंत्र रीतसर बंद करताना ती सारे उतरवून विभाग मिटवते. कारकुनाने दिवसभर पाटीवर केलेला हिशेब संध्याकाळी खातेवहीत उतरवून वही बंद करावी, तशी ही रीत आहे.

२०१२ मधील विंडोज ८ पासून यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून एक नवी सोय करण्यात आली. बंद करण्याची आज्ञा दिली असता विंडोज आपला गाभा पूर्णपणे आवरत नाही. त्याची त्या क्षणाची स्थिती डिस्कवरील एका फाइलमध्ये जशीच्या तशी ठेवून झोपी जाते, आणि दुसऱ्या दिवशी तीच स्थिती पुन्हा स्मृतीत आणून पुढे चालू लागते. पडदा काळा होतो, दिवा विझतो, आणि यंत्र बंद झाले असे आपल्याला वाटते. वास्तविक वही अर्धवट मिटलेली असते.

आपल्या अभ्यासकाने रात्री विंडोज असे बंद केले आणि सकाळी लिनक्स सुरू करून सामाईक विभागात चाळीस नव्या शब्दांची फाइल लिहिली, असे समजा. संध्याकाळी विंडोज जागी झाली, की तिच्या स्मृतीत कालची यादी असते. तिच्या मते सकाळी भरलेली घरे अद्याप रिकामीच आहेत. ती तेथे काही लिहिते आणि चाळीस शब्द नाहीसे होतात. एवढ्यावरच थांबले तर नशीब म्हणावयाचे. कारण दोन याद्यांची सरमिसळ झाली, तर विभागाचा संपूर्ण तक्ताच विसंगत होऊ शकतो. यात कोणत्याही कार्यप्रणालीने नियमभंग केलेला नसतो. दोघींनी आपापल्या समजुतीप्रमाणे प्रामाणिकपणे काम केलेले असते. फक्त एकीला दुसरीचे अस्तित्व ठाऊक नसते.

हे जाणून लिनक्सची साधने असा अर्धवट मिटलेला विभाग आढळल्यास लेखनास नकार देतात किंवा तो केवळ वाचनासाठी उघडतात. ही सूचना पुष्कळांना अडथळा वाटते आणि ते ती झोपेची फाइल पुसून बळेच मार्ग काढतात. तसे करू नये. विंडोजमध्ये परत जाऊन ही जलद आरंभाची सोय कायमची बंद करावी, हाच खरा उपाय. तात्पुरती गरज असल्यास बंद करण्याऐवजी ‘रीस्टार्ट’ची आज्ञा द्यावी, त्या वेळी विंडोज सर्व आवरून मगच निघते. लिनक्सलाही दीर्घ झोपेत पाठवून विंडोज उघडू नये; नियम दोघींना सारखाच लागू आहे.

नावे, मालकी आणि वेळ

विभाग दोघींना वाचता-लिहिता आला, तरी तीन लहान बाबींत खटके उडतात. आपल्या भाषांच्या वाचकाने त्या विशेष ध्यानात घेतल्या पाहिजेत.

पहिली बाब नावांची. लिनक्समध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ सोडल्यास बहुतेक सर्व चिन्हे चालतात. विंडोजला अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह इत्यादी चिन्हे चालत नाहीत. ‘मुलाखत १०:३०’ असे नाव लिनक्समध्ये दिले, तर विंडोजमध्ये ती फाइल उघडणे कठीण होते. नावाच्या लांबीचा हिशेबही वेगळा आहे. एनटीएफएस २५५ चिन्हांची मर्यादा घालते, तर एक्स्ट-४ मध्ये मर्यादा २५५ बाइटांची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरी किंवा कन्नड लिपीतील प्रत्येक चिन्हाला लिनक्सच्या रूढ संकेतात तीन लागतात. ‘म्हैसूर’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या दृष्टीने हलन्त व मात्रा धरून ती सात चिन्हे व एकवीस बाइट होतात. म्हणजे मराठी नावाला एक्स्ट-४ मध्ये फार तर ८५ चिन्हांची जागा मिळते. विंडोजमध्ये दिलेले लांबलचक मराठी नाव लिनक्सकडे नकलताना नाकारले जाते, त्याचे कारण हे होय.

याहून सूक्ष्म अडचण ‘वऱ्हाड’सारख्या शब्दांत येते. त्यातील अर्धा ‘ऱ’ निरनिराळे कळफलक निरनिराळ्या चिन्हक्रमांनी लिहितात. पडद्यावर दोन नावे तंतोतंत सारखी दिसतात. बाइट मात्र भिन्न असतात. त्यामुळे एकाच कप्प्यात एकाच नावाच्या दोन फाइली दिसू लागतात, आणि शोध घेतला असता एकच सापडते. एकाच कळफलकाचा कटाक्षाने वापर करणे, आणि फाइलींना आखूड, साधी व क्रमांकयुक्त नावे देणे, हा त्यावर सोपा तोडगा.

दुसरी बाब मालकीची. लिनक्स फाइलच्या मालकाची नोंद नावाने नव्हे, तर क्रमांकाने करते. विंडोजची ओळखपद्धती अगदी निराळी आहे. सामाईक एनटीएफएस विभाग लिनक्समध्ये उघडला की, सामान्यतः त्यातील सर्व फाइली एकाच वापरकर्त्याच्या आहेत असे मानून काम चालवले जाते. घरगुती यंत्रावर हे पुरेसे असते. परंतु खाजगी फाइलीचे संरक्षण केवळ परवान्यांवर सोपवले असेल, तर दुसऱ्या कार्यप्रणालीतून ती उघडी पडते, हे विसरू नये. याच कारणास्तव लिनक्समधील आपला संपूर्ण गृहकप्पा सामाईक विभागात हलवू नये. तेथे केवळ कामाच्या फाइली ठेवाव्यात.

तिसरी बाब वेळेची. यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळ दाखवते असे विंडोज मानते. लिनक्स ती जागतिक प्रमाणवेळ आहे असे समजते. भारतात या दोहोंत साडेपाच तासांचे अंतर आहे. लिनक्सने दुपारी दोन वाजता घड्याळ जुळवले, तर त्यात साडेआठ लिहिले जातात. मग विंडोज सकाळचे साडेआठ वाजल्याचे सांगते. ही केवळ गंमत नव्हे. दोन प्रतींपैकी ताजी कोणती हे फाइलीच्या वेळेवरून ठरवणारी साधने अशा वेळी जुनी प्रत नवीवर चढवू शकतात. लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेचे मानावयास सांगितले, किंवा विंडोजला जागतिक वेळ मानावयास लावले, की हा प्रश्न मिटतो. दोहोंपैकी एकच गोष्ट करावी. दोन्ही केल्यास चूक पुन्हा उलट दिशेने उद्भवते.

व्यवहारातील मांडणी

वरील विवेचनावरून व्यवहारातील क्रम पुढीलप्रमाणे ठरवता येईल. प्रथम, डिस्कच्या वाटणीस हात लावण्यापूर्वी सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या, वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. प्रत घेतली असे वाटणे आणि ती वाचता येणे यांत पुन्हा अंतर आहे. दुसरे, विंडोजने डिस्कला बिटलॉकरचे कुलूप लावले आहे काय, हे तपासून त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी; यंत्राच्या आरंभाची रचना बदलली की ती मागितली जाण्याचा संभव असतो. तिसरे, विंडोजचा विभाग लहान करावयाचा तो विंडोजच्याच साधनाने करावा आणि जलद आरंभाची सोय बंद करावी. चौथे, मोकळ्या झालेल्या जागेचे दोन भाग पाडून एक लिनक्सला द्यावा आणि दुसरा एनटीएफएस पद्धतीने आखून सामाईक ठेवावा. पाचवे, दोन्ही कार्यप्रणालींनी एकमेकींच्या मूळ विभागात लेखन करू नये. भेटीगाठी सामाईक अंगणात. एकीने दुसरीच्या माजघरात शिरण्याचे कारण नाही.

सामाईक विभागात काही बिघाड आढळला, तर त्याची दुरुस्ती विंडोजच्या साधनाने करावी. कारण ती लिपी मुळात तिची. आणि पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी तो रीतसर मिटवण्याची आज्ञा दोन्हीकडे द्यावी. अखेरचे काही बदल अजून स्मृतीतच असण्याची शक्यता असते.

एकाच वेळी दोघी

आतापर्यंत आपण असे गृहीत धरले की, एका वेळी एकच कार्यप्रणाली जागी असते. आता एका कार्यप्रणालीच्या आत आभासी यंत्र उभारून दुसरी चालवता येते. अशा वेळी तोच विभाग दोघींना एकाच क्षणी प्रत्यक्ष उघडून देण्याचा मोह होतो. येथे मात्र स्पष्ट नकार दिला पाहिजे. वर वर्णिलेल्या सर्व फाइल-व्यवस्था एका वेळी एकच कारभारी आहे, या गृहीतावर रचलेल्या आहेत. दोघी जाग्या असतील, तर एकीकडे विभागाचा ताबा ठेवावा आणि दुसरीने तिच्याकडे फाइली मागाव्यात. १९९२ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल याने सुरू केलेले सांबा हे साधन विंडोज आणि लिनक्स यांच्यात असा व्यवहार घडवून आणते. त्यात मागणारीला डिस्कची लिपी कळण्याची आवश्यकताच उरत नाही. ताबेदार फाइल काढून देते व परत आलेली जागेवर ठेवते. ग्रंथालयात शंभर वाचक असले, तरी कपाटाची किल्ली ग्रंथपालाकडेच असते, हे त्याचेच जुने रूप होय.

विभागापलीकडील लिपी

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. विभाग सामाईक झाला म्हणजे मजकूर सामाईक झाला, असे नाही. १९९० च्या दशकात भारतीय भाषांच्या लिखित नमुन्यांचे मोठे संग्रह संगणकावर तयार करण्याचे काम केंद्र शासनाच्या पुढाकाराने झाले. दक्षिणेतील भाषांचे काम म्हैसूरच्या संस्थेकडे आणि मराठीचे पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे होते. त्या काळी भारतीय लिप्यांसाठी इस्की हा संकेत होता. १९९१ मध्ये तो भारतीय मानक म्हणून मान्य झालेला होता. पुढे युनिकोडचा प्रसार झाला आणि हे संग्रह त्यात रूपांतरित करावे लागले. संकेत जाहीर व लेखी होता, म्हणून ते शक्य झाले. याउलट एखाद्या विशिष्ट फाँटच्या खाजगी संकेतात टंकलेली त्याच काळातील असंख्य मराठी व कन्नड पाने आज डिस्कवर सुरक्षित असूनही अर्थहीन चिन्हांची ओळ होऊन पडली आहेत.

यावरून सामाईकपणाचे मर्म स्पष्ट होते. दोन कार्यप्रणालींना एकत्र नांदवणारी वस्तू डिस्कवरची जागा नव्हे, तर त्या जागेविषयी उभयतांनी पाळलेला करार होय. लिपी दोघींना येणारी असावी. एकीने वही पुरती मिटल्याशिवाय दुसरीने उघडू नये. आणि त्या लिपीचे नियम कोठेतरी जाहीरपणे लिहिलेले असावेत. हे तीन नियम पाळले, तर आपल्या अभ्यासकाचे शब्द आजच्या दोन्ही कार्यप्रणाली कालबाह्य झाल्यानंतरही वाचता येतील. तंजावरहून आलेली पोथी म्हैसूरला वाचता आली, कारण तिची लिपी जाणणारा माणूस तेथे होता. ज्या भाषेचे भाषकच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, तिच्या पुसल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणासाठी मात्र पुन्हा कोणत्या दारी जावे, याला उत्तर नाही. म्हणून वाटणीच्या आधी प्रत घ्यावी, आणि उठण्यापूर्वी वही मिटावी.